माजघराचा पत्ता

१९२.१६८.१.१ हा पत्ता एका घराचा नाही. सोलापुरातल्या बैठ्या चाळीत तो आहे, पुण्यात नवव्या मजल्यावर आहे, म्हापशातल्या दुकानाच्या गल्ल्यामागे आहे, आणि या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी आहे. हे कसं असा प्रश्न पडला तर माजघर आठवावं. जुन्या प्रत्येक घरात माजघर असायचंच. "माजघरात ठेवलंय बघ" म्हटलं की घरातलं कुणी चुकत नसे. पण पाकिटावर नुसतं 'माजघर' लिहून ते पोस्टात टाकलं तर पोस्टमन ते कुठे नेणार? फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाच्या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे असेच घरगुती वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. बाहेरच्या इंटरनेटवर यातला एकही पत्ता चालत नाही. घरात मात्र तिथेच राउटरचं, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याचं, दार असतं: त्याचं सेटिंगचं पान. (अंक इथे देवनागरीत छापलेत. ब्राउझरमध्ये इंग्रजीच टाकायचे, नाहीतर दार सापडणार नाही.)

या दारावर आपण थाप मारतो ती बहुतेक वेळा रागात. नेट गेलेलं असतं, मीटिंग दहा मिनिटांवर असते, आणि हात थेट काहीतरी बदलायला शिवशिवतात. चॅनेल बदल, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) बदल, नाहीच जमलं तर मागच्या भोकात टाचणी खुपस. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ते पान आधी वाचायचं असतं. बिघाड घरात आहे, तारेत आहे की केबलवाल्याकडे, हे त्यावर बऱ्याचदा सरळ लिहिलेलं असतं.

पण आधी आत तर शिरलं पाहिजे.

पत्ता अंदाजाने टाकू नये. जिओफायबरच्या डब्यावर तो १९२.१६८.२९.१ असतो, हुआवेच्या बऱ्याच फायबर डब्यांवर १९२.१६८.१००.१, टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या कित्येक राउटरवर १९२.१६८.०.१. विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, उघडलेल्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाका आणि 'डिफॉल्ट गेटवे' ही ओळ बघा. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारच्या निळ्या 'आय'वर बोट ठेवलं की 'राउटर' म्हणून तोच आकडा दिसतो. अँड्रॉइडवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' असतो. मग तो आकडा वरच्या पट्टीत टाकायचा. पानाच्या मधोमध असलेल्या गुगलच्या चौकटीत नाही. तिथे टाकला की लॉगिन पानाचा आव आणणाऱ्या जाहिरातींच्या साइट समोर येतात, आणि शेवटच्या एकाच्या जागी छोटा एल किंवा शून्याच्या जागी ओ पडला असेल तर हमखास येतात.

आकडा बरोबर आहे, तरी पान उघडत नाही. इथे फोन एक खोडी करतो, ती फार जणांना माहीत नसते. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मग तुमचं १९२.१६८ शेजारच्या डब्याकडे न जाता टॉवरकडे जातं, आणि टॉवरला तुमचं माजघर ठाऊक नाही. म्हणजे नेट गेलेलं असताना, नेमक्या गरजेच्या वेळी, पान उघडत नाही. डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर असाल तर मुख्य वायफायवर या. गेस्टवरून हे पान बहुतेक राउटर मुद्दामच उघडू देत नाहीत.

दुसरी अडचण ब्राउझरची. आजकाल तो पत्त्याच्या आधी स्वतःहून एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद भाषा, लावतो. जुन्या राउटरला ती भाषा येत नाही, मग पान नुसतं फिरत राहतं. अशा वेळी पत्त्याच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा स्वतः लिहाव्या. नव्या राउटरवर याच्या उलट होतं. त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र ब्राउझरला पटत नाही आणि लाल इशारा येतो. आकडा गेटवेचाच आहे याची खात्री असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून पुढे जायला हरकत नाही. बँकेच्या साइटवर हाच इशारा आला तर मात्र तिथूनच मागे फिरायचं.

काही राउटरच्या स्टिकरवर आकड्याऐवजी नाव छापलेलं असतं, टीपीलिंकवायफाय डॉट नेट असं काहीतरी. त्या नावाला राउटर स्वतःच उत्तर देतो. पण फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर प्रश्न राउटरला न विचारता बाहेर जातो आणि फसतो. शिवाय नावं हातून निसटतात. जुन्या स्टिकरांवर छापलेलं असं एक नाव टीपी-लिंककडे राहिलं नाही, हे २०१६ मध्ये उघड झालं होतं. आकडा बरा.

आणि गेटवेची ओळच रिकामी असेल, स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तुमच्या यंत्राला पत्ता कुणी दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतलाय. केबल सैल आहे किंवा राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद पडलंय. केबल ठीक असेल तर यंत्राला हाताने १९२.१६८.१.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० असा मास्क द्यायचा (राउटर १.१ वर असेल तर) आणि आत जायचं.

मग येतो पासवर्ड. वायफायचा पासवर्ड ही फाटकाची किल्ली, अ‍ॅडमिनचा ही आतल्या कपाटाची. दोन्ही एकाच स्टिकरवर, एकाखाली एक, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या असतात, म्हणून घोळ होतो. डबा उलटा करून उजेडात फोटो काढावा आणि तो मोठा करून वाचावा. जुन्या राउटरवर आत जायचं नाव आणि पासवर्ड, दोन्ही 'अ‍ॅडमिन' असायचं. आता बहुतेक ठिकाणी पहिल्याच वेळी नवा पासवर्ड ठेवायला लावतात, आणि तो कुणी कुठे लिहून ठेवलेला नसतो. चार-पाचदा चुकलं की बरेच राउटर काही मिनिटं दार लावून घेतात. तेवढी मिनिटं खरंच थांबायचं, कारण मध्ये पुन्हा प्रयत्न केला तर काही राउटर मोजणी पहिल्यापासून सुरू करतात. 'दुसरा अ‍ॅडमिन आत आहे' असा निरोप आला तर घाबरायचं कारण नाही. घरातल्याच दुसऱ्या फोनवर कुणीतरी लॉगआउट न करता पान सोडून दिलेलं असतं.

आत आल्यावर पहिलं पान 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो' असतं. बहुतेक जण तिथे न थांबता 'वायरलेस'वर उडी मारतात. थांबावं. त्या पानावर, किंवा एका टिचकीवर, दोन वेगवेगळ्या वेळा असतात. एक 'सिस्टिम अपटाइम', म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे. दुसरी वॅन किंवा पीपीपी जोडणीची, म्हणजे बाहेरची लाइन किती वेळ सलग टिकली आहे. या दोन शेजारीशेजारी ठेवल्या की अर्धा तपास संपतो.

समजा डबा ११ दिवस चालू आहे आणि लाइन २० मिनिटं. म्हणजे डबा जागचा हलला नाही, बाहेरून लाइन तुटली आणि परत आली. आता घरात काही बदलण्यात अर्थ नाही. उलट दोन्ही वेळा २० मिनिटंच असतील तर डबाच बंद होऊन परत सुरू झाला. वीज गेली नव्हती? मग अडॅप्टरकडे बघायचं.

अडॅप्टरचं दुखणं फसवं असतं. डब्याच्या पाठीवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असतं. अडॅप्टर उन्हात, इन्व्हर्टरच्या झटक्यांत दोन-तीन वर्षं घालवतो, आतले कपॅसिटर फुगतात. मग दिवसा सगळं ठीक. रात्री घरातले सगळे व्हिडिओ बघायला बसले की वायफायचा भार वाढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि डबा एकदम रिस्टार्ट होतो. दोष मात्र जातो 'संध्याकाळी नेट स्लो असतं' या समजुतीला. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर उसना लावून बघायचा मोह होतो, पिनही तंतोतंत बसते. पण तो ९ व्होल्टचा किंवा अर्ध्या अँपिअरचा असेल तर आजार तोच राहतो. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. भारनियमनाच्या गावात राउटरला छोटा डीसी यूपीएस लावतात, त्यालाही हाच नियम.

याच पानाच्या आसपास कुठेतरी 'सिस्टिम लॉग' असतो, राउटरची रोजनिशी. तिच्यात मध्येच १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली तर राउटर हॅक झालाय असं समजून लोक धास्तावतात. घरगुती राउटरमध्ये घड्याळाचा सेल सहसा नसतोच. वीज आली की तो कुठल्यातरी ठरीव तारखेला जागा होतो, आणि पुष्कळदा ती तारीख १९७० ची असते, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. इंटरनेट मिळालं की बाहेरच्या घड्याळाला वेळ विचारून तो एका उडीत आजच्या तारखेला येतो. म्हणून १९७० च्या ओळी म्हणजे नुकताच उठलेला राउटर. आणि सुरू करून तासभर झाला तरी तारीख १९७० च असेल, तर बहुधा त्याचा बाहेरच्या कुणाशी संपर्कच झालेला नाही, वायफायच्या कांड्या कितीही भरलेल्या असोत. (स्वस्त डब्यात ही रोजनिशी रिस्टार्टबरोबर पुसली जाते. म्हणून बंद-चालू करण्याआधी तिचा फोटो घ्यावा.)

वेळेवरून आणखी एक. 'मुलांचं नेट रात्री १० ला बंद' असा नियम लावलेला असतो आणि तो चालत नाही अशी तक्रार असते. चालतो तो, पण पहाटे साडेतीनला. टाइमझोन जीएमटीवर राहिलेला असतो, तो साडेपाच तास पुढे करायचा राहून गेलेला असतो.

आता फायबर. घरात येणाऱ्या पिवळ्या किंवा काळ्या बारीक तारेतून खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, आपल्याकडून वर जाणारा १३१० चा. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तार काढून 'लाइट येतोय का' असं डोळा लावून बघणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाश पोचतच नाही. पॉन, म्हणजे फायबर जोडणीचा, दिवा लुकलुकत राहिला म्हणजे प्रकाश येतोय, पण पलीकडच्या, कंपनीच्या यंत्राने अजून डब्याची ओळख पटवून घेतलेली नाही. दिवे एवढंच सांगतात. पॅनेलमध्ये 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन स्टेटस' उघडलं की नेमका आकडा मिळतो, 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे काहीतरी डीबीएम.

हा आकडा वाचायला शिकणं सोपं आहे. उणे २० म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. दर ३ ने खाली गेलं की प्रकाश निम्मा. नेहमीच्या घरगुती जीपॉन डब्यासाठी उणे ८ ते उणे २७ ही मर्यादा, त्यातही उणे २५ च्या खाली गेलं की काळजी करायची. उणे २७ म्हणजे मिलिवॅटचा पाचशेवा भाग, एवढ्याशा उजेडावर डबा कसाबसा वाचतो. तो पूर्ण बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही. पाऊस आला, वाऱ्याने खांबावरची तार हलली की लाइन तुटते, पुन्हा येते. सगळ्यात छळणारा बिघाड तोच, कारण माणूस बघायला येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं.

प्रकाश घटतो कशाने? खांबावरच्या पेटीत एका तारेचे ३२ फाटे केले की १७ डीबीच्या आसपास तिथेच जातात, तो हिशोब धरलेलाच असतो. हिशोबाबाहेरचं नुकसान बऱ्याचदा घरात होतं. सोफा भिंतीला टेकवताना तार दुमडली जाते, खिडकीच्या फटीत चेपते, किंवा उरलेली तार कुणीतरी नीट दिसावी म्हणून बोटाएवढ्या वेटोळ्यात रबर लावून बांधतो. वेटोळं वाटीच्या तोंडापेक्षा लहान नको. आणि टोकाचा कनेक्टर. तो हिरवा असेल तर त्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळ्याचं तसं नसतं. बसतात दोन्ही एकमेकांत, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश सांडतो. धुळीचा एक कण, बोटाचा एक ठसा हेही पुरतं. शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. लाइनमनकडे त्यासाठीचा क्लीनर असतो.

प्रकाश ठीक, तरी नेट नाही? मग वॅनच्या पानावर पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत, काय म्हणतेय ते बघा. 'ऑथेंटिकेशन फेल' म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, पण तुमचं नाव-पासवर्ड त्याने नाकारला. निम्म्या वेळा रिचार्ज संपलेला असतो. हे आधीच बघितलं असतं तर एवढा उपद्व्याप वाचला असता. त्या निरोपाच्या जागी 'टाइमआउट' किंवा 'उत्तर नाही' असेल तर राउटर "कुणी आहे का" अशी हाक मारतोय आणि ओ येत नाही. लाइन कुठेतरी अडली आहे किंवा व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीने तुमच्या लाइनला दिलेल्या कप्प्याचा, क्रमांक चुकलाय. लहान केबलवाल्यांकडे अजून एक प्रकार असतो. तुमचं खातं जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या ओळखक्रमांकाला, बांधलेलं असतं, त्यामुळे नवा राउटर कितीही भारी असो, चालत नाही. त्यांना फोन करून तो सोडवून घ्यायचा, नाहीतर 'मॅक क्लोन'मध्ये जुन्या डब्याच्या स्टिकरवरची १२ अक्षरं भरायची.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, हे दिसलं तर एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बघावा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० च्या जागी १४९२ हवा. आणि काळ्या खिडकीत ८.८.८.८ ला (गुगलच्या डीएनएसचा पत्ता) पिंग, म्हणजे हाक, जातंय पण साइट नावाने उघडत नाहीत, तर बिघाड फक्त डीएनएसचा. तो बदलायला दोन मिनिटं लागतात.

वॅनचा स्वतःचा पत्ताही बघून ठेवावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या माजघरात आहात, बाहेरचा पत्ता अनेक घरांत मिळून एक. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठीच राखला गेला, कारण जगाच्या साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले होते. गावच्या बागेतला कॅमेरा पुण्यातून बघायला पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडायच्या) पानावर रात्री जागवणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा. तो असा असेल तर त्या पानावर काहीही भरा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा बाहेरचा पत्ता, विकत घ्या किंवा कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवर भागवा.

दुसरा राउटर जोडताना होणारी चूक ठरलेली. कंपनीचा डबाही १९२.१६८.१.१, नवा राउटरही १९२.१६८.१.१, आणि दोन माजघरांत निरोप कुठल्याला द्यायचा ते राउटरला कळेनासं होतं. नव्याला १९२.१६८.२.१ करा. किंवा त्याचं डीएचसीपी बंद करून, त्याला १९२.१६८.१.२ देऊन, केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा. तो नुसता वायफाय फेकेल, आणि घराला बहुतेक तेवढंच हवं असतं.

वायफायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६, ११ यांतलाच चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. राउटर लोखंडी कपाटावर आणि टीव्हीच्या मागे नको. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झची अपेक्षा ठेवू नये, तिथे केबलच टाकावी.

आता ती टाचणी. मागच्या भोकात १० सेकंद दाबली की डबा कारखान्यातून आला तसा होतो. लोकांना वाटतं हे रिस्टार्टचंच मोठं भावंड. तसं नाही. रिस्टार्टने डबा झोपून उठतो, टाचणीने त्याची स्मरणशक्ती जाते. पीपीपीओईचं नाव, पासवर्ड, व्हीलॅन, सगळं पुसलं जातं, आणि ते लिहिलेला कागद केबलवाल्याच्या वहीत असतो. शनिवारी संध्याकाळी टाचणी मारली की सोमवारपर्यंत नेट नाही, हे गृहीत धरा. त्यापेक्षा सगळं चालू असताना 'बॅकअप' किंवा 'सेव्ह कॉन्फिगरेशन' दाबून फाइल उतरवून ठेवावी. एका मिनिटाचं काम.

आत आलोच आहोत तर तीन ठिकाणी नजर टाकावी. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून हे पान उघडू देणं, स्वतः चालू केलेलं नसेल तर ते बंद असावं. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद असावं. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी आकडे नसावेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कॅमेरे आणि राउटर लाखांनी काबीज केले, ते साठाहून थोड्या जास्त ठरीव नाव-पासवर्डांच्या यादीवर. 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन' त्या यादीत होतं.

मग कस्टमर केअरला फोन. "नेट चालत नाही" म्हटलं की पलीकडून "सर, एकदा ऑन-ऑफ करून बघा" येतं, ते येणारच. त्याऐवजी असं सांगून बघा: "डबा ११ दिवस सलग चालू आहे, पीपीपी आज चारदा तुटलं, आरएक्स पॉवर उणे २८.४ आहे, महिन्यापूर्वी उणे २१ होती." पलीकडचा सूर बदलतो. कधीकधी थेट लाइनमनचा नंबर मिळतो.

तो येतो, हिरवा कनेक्टर काढतो, क्लीनर फिरवतो, टक् आवाज येईपर्यंत परत बसवतो. तो जिन्यापर्यंत पोचायच्या आत पान रिफ्रेश करावं. उणे २१.६ दिसलं तर त्याला जाऊ द्यावं. अजून २८ च्या घरातच असेल तर हाक मारावी, खांबावरची पेटी उघडायची राहिली आहे.